बारा जणांची जागा

रेणूला जागा सापडली होती, आणि जागा सापडली की तिला दुसरं काही सुचत नसे. बोदलकशाच्या तलावाला जंगल जिथे अगदी खेटतं, तिथे काठाशी मोहाची आठ-दहा झाडं आणि समोर निवांत पाणी. दोन आठवड्यांनी तिच्या फोटोग्राफी कार्यशाळेचे बारा जण पहाटे इथे आणायचे, काठाने ओळीत उकिडवे बसवायचे आणि पाण्यालगतच्या उंचीवरून पहिला उजेड टिपायला लावायचा, हे तिने बघताक्षणीच ठरवलं होतं.

वाट दाखवायला जवळच्या टोल्यावरच्या वस्तीतली बायजाबाई आली होती. आली होती म्हणजे तिला तशीही मोहफुलं वेचायचीच होती. पण बाईच्या तोंडाला खळ नव्हता. सुनेचं बाळंतपण, बकरीचा मोडलेला पाय, जावयाचा नवा मोबाइल. वेचायला वाकली की आवाज आणखी चढायचा. पाखरं उडून जात होती. शेवटी रेणूने तिला दहा मिनिटं गप्प राहायला सांगितलं. मोह मुकाट्याने वेचत नाहीत, वाकणाऱ्याने बोलायचं किंवा दुसऱ्याने उभं राहायचं, असं बायजाबाईने बजावलं. असेल यांची काही रीत, म्हणून रेणूने मान डोलावली. डोळ्याने जगणाऱ्यांचे कान बहुधा दाराबाहेरच ठेवलेले असतात.

बायजाबाईने टोपली खाली ठेवली, वेचणं थांबवलं आणि ती उभी राहिली. रेणू तिपाईचे पाय पसरून काठाशी उकिडवी बसली, कॅमेऱ्याला डोळा लावून. थोड्या वेळाने पाखरंही गप्प झाली. तिला वाटलं, आपल्याला सरावली.

"उठ वो बाई," बायजाबाई म्हणाली. आवाज अगदी सपाट होता. "हळू उठ. खाली बसलेलं माणूस त्याले माणूस नाही दिसत."

रेणू उठली आणि वळली. वीस पावलांवर करवंदीच्या जाळीत वाळल्या गवताचा रंग होता, पण गवताला डोळे नसतात. वाघ जमिनीसरसा दबून तिच्याकडेच बघत होता.

"पळू नोको. पाठ नोको दाखवू. मागं सरक, आन् जोरानं बोलत राय," असं सांगून बायजाबाईने पुन्हा बकरीचा पाय सुरू केला, आता पार तलावापलीकडे ऐकू जाईल असा.

रेणूला बोलायला काही सुचेना. सुचली ती फक्त कार्यशाळेची यादी, येताना गाडीत घोकलेली. "ओमेश," ती ओरडली आणि एक पाऊल मागे सरकली. "दुर्गेश्वरी. श्यामलाल. इंद्रकुमार." एकेका नावाला एकेक पाऊल. आणि एकेका नावाला तो माणूस तिला दिसायला लागला: काठाशी उकिडवा, गप्प, जाळीकडे पाठ केलेला. तिनेच बसवलेला.

अकरा नावं झाली. बारावं सगळ्यात लहान, म्हणून ओळीच्या टोकाला, जाळीच्या बाजूला बसायचं होतं. मलाही ने म्हणून दोन महिने मागे लागलेली तिची नऊ वर्षांची रुची. रेणूचा आवाजच बसला.

ती गप्प झाली तशी जाळी हलली. वाघाने एक पंजा बाहेर टाकला.

"काऊन वो, चूप काऊन झाली?" बायजाबाई खेकसली. "बोल!"

"रुची!" रेणू किंचाळली. "रुची! रुची!" तलावाच्या बांधाची पाळ येईपर्यंत तिच्या तोंडात दुसरा शब्द नव्हता. वाघ मागे आला नाही. कॅमेरा तसाच काठाशी राहिला, गुडघाभर उंचीवर.

पाळीवर बायजाबाईने तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि घटकाभर बसून घे म्हणाली. तेवढ्यात घरून फोन आला. जागा मिळाली का, रुचीने झोपाळू आवाजात विचारलं.

"नाही मिळाली," रेणू म्हणाली. फोन ठेवला, तरी ती काही खाली बसली नाही.