शेपटीला बांधलेलं नवं

दोन हजार तीनच्या दसऱ्याला मी एका विमानासमोर आडवी उभी राहिले. लोक अजून विचारतात, "चंद्रकला, भीती नाय वाटली?" भीती वाटायला डोकं थंड असावं लागतं. माझं तापलेलं होतं.

धसईच्या अलीकडे मुरमाचा एक लांबलचक माळ आहे. तिथे मुंबईच्या एका मालकाने दोन माणसांचं छोटं विमान आणून ठेवलं होतं. रविवारी शहरातली माणसं यायची, वर एक गिरकी मारून उतरायची आणि फोटो काढून जायची. माझं काम धावपट्टी साफ ठेवायचं. दगड, शेण, तारेचे तुकडे उचलायचे, गुरं हाकलायची आणि लाल निशाण घेऊन कडेला उभं राहायचं. निशाण वर असलं की पट्टी मोकळी नाही. खाली केलं की विमानाने निघायचं.

हे सगळं मला विमान चालवणाऱ्या म्हाताऱ्या कॅप्टननी शिकवलं. विमानाभोवती पूर्ण फेरी मारल्याशिवाय ते आत बसत नसत. पंख, चाकं, शेपूट, प्रत्येकाला हात लावून बघायचे. पट्टीवर नेतानाही माणूस चालेल एवढ्याच वेगाने, नागमोडी, कारण विमानाचं नाक वर असतं आणि समोरचं दिसत नाही. टोकाला थांबायचं. इंजिन मोठं करून ऐकायचं. मग हातातला दांडा पुढे, मागे, दोन्ही बाजूंना शेवटपर्यंत फिरवायचा आणि मान वळवून शेपटीची फळी, जिच्यामुळे विमान वर-खाली जातं, ती हलते का ते डोळ्यांनी बघायचं. पाच वर्षं मी हे पाहिलं, एक दिवस चुकलं नाही. एकदा मी म्हटलं, "रोज तेच काय बघता? काल तर हलत होती."

"काल हलत होती," ते म्हणाले आणि पुढच्या कामाला लागले.

त्या पावसाळ्यात कॅप्टनची नजर अधू झाली आणि त्यांनी काम सोडलं. त्यांच्या जागी रविंद्र सर आले. तिशीतला, गॉगलवाला, पहिल्या दिवसापासून माझ्या डोक्यात गेलेला. फेरी नाही, थांबणं नाही. शेडमधून सुटला की जीपवाल्यासारखा धुरळा उडवत टोकाला, आणि वळता वळताच इंजिन मोठं. मी निशाण खाली करायच्या आत निघून जायचा. मी मालकाला सांगितलं तर तो म्हणाला, "तू झाडू मार."

माझी भाविका दहावीला केंद्रात पहिली आली होती. मालकाने ठरवलं, दसऱ्याला तिला फुकट विमानात बसवायचं आणि पेपरवाला बोलावून फोटो छापून आणायचा. पोरीला महिनाभर दुसरा विषय नव्हता.

आमच्याकडे दसऱ्याला नवं बांधतात. भाताच्या नव्या लोंब्या, झेंडू, कुरडूची फुलं, आंब्याचं पान, सगळं वाखाच्या दोरीने एकत्र बांधून दाराला, नांगराला, सायकललासुद्धा. एकदा बांधलं की कुणी सोडत नाही, वर्षभर राहतं. कॅप्टन मला ते फक्त शेडच्या दाराला बांधू द्यायचे. विमानाला काही बांधायचं नाही, हे त्यांनी दर दसऱ्याला बजावलं होतं. त्या सकाळी बजावायला ते नव्हते, आणि विमानात माझी लेक बसणार होती. मी शेपटीला खालून आधार देणाऱ्या दांडीला नवं बांधलं. दांडी काही हलत नाही, मग काय बिघडतं, अशी मनाची समजूत घातली.

दहा वाजता रविंद्र सर पेपरवाल्याशी गप्पा मारत आले आणि सरळ आत बसले. फेरी मारलीच नाही. भाविका मागे बसली, मालकाने तिचा पट्टा आवळला, आणि विमान सुटलं. माझ्या बाजूने धुरळा उडवत गेलं तेव्हा मी शेपटीकडे पाहिलं. खाली लोंबणारं नवं पंख्याच्या वाऱ्याने वर गेलं होतं आणि शेपूट आणि फळीमधल्या फटीत शिरल्यासारखं दिसत होतं.

मी ओरडले, पण इंजिनापुढे कुणाला ऐकू गेलं नाही. मग वाटलं, आता टोकाला दांडा फिरवेल, तेव्हा त्याला कळेल. मी निशाण उंच धरलं. तो टोकाला वळला आणि थांबलाच नाही.

मी पट्टीच्या मधोमध जाऊन उभी राहिले.

वेग घेताना नाक खाली येऊ लागलं तशी मी त्याला दिसले. ब्रेक करकचले, विमान फरफटत माझ्यापासून वीसेक पावलांवर थांबलं. त्याने इंजिन बंद केलं. "मरायचंय का तुला?"

"दांडा मागं ओढा," मी म्हणाले. "पुरा. आनि मान वळवून बघा."

"मला शिकवतेस?"

"हो."

"आई गो, बाजूला हो ना," भाविका मागून म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. "सगळे बघतायत."

मालक धावत आला, हिला उचला म्हणून ओरडला. रविंद्र सर मात्र हसले. माझी जिरवायची म्हणून त्यांनी मान वळवली आणि दांडा मागे ओढला. तो अर्ध्यावर अडला. त्यांनी पुन्हा ओढला, पुन्हा तिथेच अडला. मग ते हसले नाहीत.

फटीतून निघाले चिरडलेले झेंडू, लोंब्या आणि वाखाची पिळलेली दोरी. ते हातात धरून त्यांनी पेपरवाल्याला दाखवलं. "बघा. या अडाणी लोकांच्या पायी एक दिवस जीव जाईल."

"मीच बांधलंय," मी म्हणाले. "कॅप्टननी नको सांगितलेलं, तरी बांधलं. माझी पोर माझ्याच हातानं गेली असती. पन मी बांधलं सकाळी सातला आनि तुमी निघालात दहाला. तीन तासांत एकदा तरी शेपटीकडं बघायचं व्हतं. ते काम माझं नाय."

"उद्यापासून येऊ नकोस," मालक मला म्हणाला. रविंद्र सरांना एका शब्दाने बोलला नाही. वर म्हणाला, "चला, निघाला ना कचरा? फोटोला उशीर होतोय."

मी भाविकाचा दंड धरला. "उतर."

तिने माझा हात सोडवला, पट्टा काढला आणि खाली उतरली. मला वाटलं, आता ती माझ्यावर भडकणार. ती शेपटीपाशी गेली, फळी हाताने वर-खाली करून पाहिली आणि म्हणाली, "सर, तुमी पन उतरा. पहिल्यापासून करा. फेरीपासून."

"आता तूही?"

"मागं मी बसनार ना."

पेपरवाल्याने कॅमेरा वर केला होता. रविंद्र सर उतरले. त्यांनी पंख बघितला, चाक बघितलं, शेपूट बघितली, आणि ते जिथे हात लावतील तिथे मागून भाविकाही हात लावत गेली. मग दोघं बसली. विमान माणसाच्या चालीने टोकाला गेलं, वळलं, थांबलं. इंजिन मोठं झालं. शेपटीची फळी वर गेली, खाली गेली. त्यांनी अंगठा वर केला.

माझी नोकरी गेली होती, पण निशाण काढून घ्यायचं कुणाला सुचलं नव्हतं. मी ते वर धरून या टोकापासून त्या टोकापर्यंत चालले, दोन खडे उचलले, परत आले. ते तोवर थांबले. मग मी निशाण खाली केलं.