आतल्या बाजूच्या बिजागऱ्या

मित्रांनो, मी एक जुना दरवाजा आहे, आतल्या खोलीचा, आणि मार खाण्यात माझा हात धरणारा दरवाजा या गल्लीत दुसरा नाही. मला घरधन्यानेच घडवलं. तो सुतार, सगळे त्याला मिस्त्री म्हणत. असा रंधा मारला होता की त्याची लेक माझ्यावर गाल घासायची.

मग तो पिऊ लागला. संध्याकाळी तो आला की बायको लेकीला घेऊन आत शिरे, कडी लावे, आणि मध्ये मी! लाथा, बुक्के, एकदा तर कुऱ्हाड. त्या दिवशी मी फुटलो. आत घुसून त्याने बायकोचं डोकं माझ्यावरच आपटलं. तिचं रक्त माझ्या चिरेत मुरलं. सांगायलाही लाज वाटते.

सकाळी हाच गडी मान खाली घालून मला ठिगळ मारायचा. काम इतकं चोख की सांधा दिसू नये! पण त्या सकाळी लेकीने विचारलं, "बाबा, आईच्या कपाळालाही ठिगळ मारणार?"

त्याच्या हातातली पटाशी गळून पडली.

तो डॉक्टरांकडून दारू सोडायच्या गोळ्या घेऊन आला. हत्यारांची पेटी शेजाऱ्याकडे ठेवली, मला बाहेरून कडी बसवली आणि बायकोला म्हणाला, "मी आत बसतो. कितीही बोंबललो तरी उघडू नकोस." एवढा मोठा मिस्त्री, पण विसरला! माझ्या बिजागऱ्या आतल्या बाजूला आहेत.

तिसऱ्या दिवशी तो थरथरत, शिव्या देत मला धडका मारू लागला. "उघड, नाहीतर एकेकाला चिरतो!" बायको डॉक्टरांना आणायला धावली. तेवढ्यात त्याला बिजागऱ्या दिसल्या. जेवणाच्या चमच्याची दांडी घालून त्याने स्क्रू काढायला घेतले. शेवटचा एकच उरला, तेव्हा बाहेरून माझ्यावर एक छोटी पाठ टेकली.

"बाबा, मी दार धरून ठेवलंय. घाबरू नकोस."

तो स्क्रू निघता तर मी तिच्यासकट आत कोसळलो असतो. मिस्त्री हंबरडा फोडून रडला. मग रक्ताळल्या बोटांनी त्याने सगळे स्क्रू परत बसवले.

दोन वर्षं झाली, थेंब नाही. कुऱ्हाडीचा घाव त्याने बुजवला नाही. लेक मात्र त्याची पावलं ऐकली की अजून कडी लावायची. तो एका बोटाने टकटक करून उभा राहायचा, कधी अर्धा अर्धा तास.

मित्रांनो, दरवाजांना जपा रे. आणि दाराआड कुणी भिऊन बसलं असेल तर धक्का मारू नका, थांबा. फळी एका सकाळीत सांधते, माणूस नाही सांधत.

काल त्याने टकटक केली, नेहमीसारखा उभा राहिला.

आतून आवाज आला, "ये की बाबा. कडी लावलीच नाहीये."