हाडांतली ओळख

आईच्या हातावरची डायलिसिसची पट्टी चेतना अंगठ्याने दाबून धरून बसली होती. डॉक्टरांनी सुरतेहून आलेला अहवाल वाचला आणि टेबलावर पालथा ठेवला. तेव्हाच तिला काय ते कळून चुकलं.

म्हसावदच्या दगूबाईंना मूत्रपिंड देणार होती ती त्यांची एकुलती एक लेक. रक्तगट जुळला होता, शहाद्याच्या कॉलेजातून चेतनाने रजाही मंजूर करून घेतली होती. पण आईच्या रक्तात लेकीच्याच पेशींवर तुटून पडणारी प्रतिद्रव्यं निघाली. सुरतेला पाच वेळा रक्त गाळून ती काढली, वर इंजेक्शनं दिली. महिन्याभरात ती पुन्हा तेवढीच झाली.

दर शनिवारी नंदुरबारला येणाऱ्या डॉक्टरांनी न कंटाळता समजावलं. इंजेक्शनाने रक्तातल्या 'बी' प्रकारच्या पेशी मरतात. पण प्रतिद्रव्यं बनवणाऱ्या जुन्या प्लाझ्मा पेशी हाडांच्या मगजात वर्षानुवर्षं ठाण मांडून बसतात. पोटात मूल असताना त्याचं थोडं रक्त आईच्या रक्तात मिसळतं, तेव्हा त्या तयार होतात.

"म्हणजे माझ्यामुळेच," चेतना म्हणाली.

दगूबाईंनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं.

"साहेब, हिना आगोदर माले एक पोऱ्या व्हयना व्हता. सातवा महिनामा. रडना बी नही."

चेतनाने शेजारी बसलेल्या वडिलांकडे पाहिलं. हिंमतराव खाली फरशीकडे बघत होते. तिच्या सव्वीस वर्षांत हे घरात कुणी उच्चारलं नव्हतं.

"मंग ह्या पेशी त्याना येळन्या बी ऱ्हातीन का?"

असू शकतं, डॉक्टर म्हणाले. दोघांचा बाप एकच, तेव्हा पेशींवरच्या बापाकडून आलेल्या खुणाही सारख्या असू शकतील. कुणाच्या वेळच्या, हे मात्र सांगता येणार नाही. मग घाईने ते पुढचं बोलले. त्या जुन्या पेशींनाच मारणारं एक औषध आहे. खात्री नाही, जंतुसंसर्गाचा धोका मोठा, पण दुसरा मार्गही दिसत नाही.

करा, म्हणून हिंमतरावांनी मान हलवली.

"नको," दगूबाई म्हणाल्या. "ऱ्हाऊ द्या त्यास्ले हाडस्मा."

बाई थकल्या, असं डॉक्टरांना वाटलं. त्यांनी सोमवारच्या डायलिसिसची वेळ लिहून दिली.

बाहेरच्या बोळात आईला धरून चालताना चेतनाने हळूच विचारलं,

"त्यानं नाव काय ठेयं व्हतं?"

"कोणी ठेवू दिन्हं नही."

पुढे चाललेले हिंमतराव जागीच थांबले. मागे मात्र वळले नाहीत.