काटा सोडायचा तर सरळ सोड

माझं डोकं फिरवायला हर्षल एकटा पुरतो. २००६ सालची गोष्ट. नाशिकरोडच्या आमच्या चिमुकल्या कंपनीत आम्ही दोघं विंचूरच्या कांदा मार्केटसाठी वजनकाट्याचा ड्रायव्हर लिहीत होतो, म्हणजे काटा आणि लिनक्सचा कर्नल, कॉम्प्युटरच्या सिस्टिमचा गाभा, यांची बोलणी करून देणारा प्रोग्रॅम. दुपारी व्यापारी धनराजशेठ बघायला येणार होते. त्यांना पटलं तर सर मला कायम करणार, नाहीतर बसा घरी.

आणि सकाळीच बोंब! एक काटा काढून दुसरा लावला, तर कॉम्प्युटर म्हणतो, जुनाच आहे अजून. अरे, वायर माझ्या हातात लोंबतेय!

कर्नलचं साधं असतं. काटा वापरायला धरला की आकडा एकने वाढवायचा, काम झालं, सोडला, की एकने कमी करायचा. शून्य झाला की जागा मोकळी. आमचा आकडा मेला शून्यावर येतच नव्हता.

मी हर्षलचा कोड उघडला. सोडायच्या फंक्शनमध्ये या पठ्ठ्याने काटा सोडण्याआधी पुन्हा एकदा धरला होता, शेवटचं वजन विचारायला. ते धरलेलं मग सोडलंच नव्हतं, म्हणून आकडा एकवर अडकलेला.

"हे कशाला रे?"

"असंच कसं सोडायचं गं? बरं दिसतं का?"

मी कपाळावर हात मारला. हा शेजारच्या चंद्रभागाकाकूंचा मुलगा! आईने अळूवडी पाठवली की काकूंकडून डबा खीर घेऊन परत येतो. आम्ही त्यात चिवडा भरतो. डबा मुळात कोणाचा, हे आता दोन्ही घरांत कोणालाच ठाऊक नाही.

"हा कर्नल आहे, काकू नाही. डबा रिकामा परत दे!"

तोंड पाडून त्याने त्या ओळी पुसल्या. दुपारी धनराजशेठनी एक काटा उपटला, दुसरा लावला, लगेच वजन आलं. "लय भारी हाय, तृप्तीताई!" सरांनी मला तिथेच कायम केलं. मला तर रडूच आलं.

निघताना शेठनी कापडी पिशवी भरून कांदे दिले. "पिशवी सावकाश पाठवा."

संध्याकाळी हर्षल दारात आला. "उद्या काटा बसवायला विंचूरला चाललोय. दे पिशवी, पोचवतो."

मी घडी घातलेली पिशवी पुढे केली, आणि हात मागे घेतला.

"थांब जरा," मी म्हणाले. "आई, लाडू वळून झाले का गं?"