काजळीच्या तोंडात हात

मोठ्या अंगाच्या कुत्र्यांची परीक्षक म्हणून मी गेली कित्येक वर्षं देशभर फिरते. ग्रेट डेन, मास्टिफ, सेंट बर्नार्ड, ज्यांना उचलायला दोन माणसं लागतात अशी सगळी मंडळी माझ्या वाट्याला येतात. या वर्तुळात मला माघारी 'खडूस बाई' म्हणतात. मला ते ठाऊक आहे आणि त्याचं वाईटही वाटत नाही, कारण परीक्षकानं गोड असायचं काही कारण नाही. मी स्पर्धकाच्या घरी उतरत नाही, त्याच्या गाडीत बसत नाही आणि कुत्र्याला हात लावल्याशिवाय नंबर देत नाही. नुसत्या डोळ्यांनी कुत्रा पारखणारे परीक्षक असतात, पण ते मला नाटक बघायला आलेले प्रेक्षक वाटतात.

यवतमाळच्या प्रदर्शनाचं बोलावणं आलं तेव्हा मी आधी नाहीच म्हणणार होते, कारण मी मूळची दारव्ह्याची. माझे अब्बा, अब्दुल गनी मिस्त्री, यांनी निम्म्या जिल्ह्याच्या जीपगाड्या दुरुस्त केल्या होत्या. आणि आमच्या जिल्ह्यात माणसाला कोणी नात्याशिवाय मोकळं सोडत नाही. तुम्ही पान घ्यायला थांबलात तरी पानवाला तुम्हाला मावशी नाहीतर आत्या करून टाकतो, आणि एकदा केलं की तशी अपेक्षाही ठेवतो. नियम तर असा की परीक्षकानं नातेवाइकाचा कुत्रा तपासायचा नाही. म्हणून मी आयोजक पंजाबरावांना अट घातली की मैदानात मला फक्त 'जज मॅडम' म्हणायचं. त्यांनी माइकवरून दोनदा तसं जाहीर केलं आणि मग माझ्याकडे वळून विचारलं, "बराबर झालं न, गझालाताई?"

जानेवारीचं ऊन होतं. मैदान माणसांनी आणि भुंकण्यानं भरून गेलं होतं. स्वेटर घातलेली पॉमेरियन, गॉगल घातलेले मालक, भज्यांचे गाडे, सगळं साग्रसंगीत. माझ्याकडे बंजारा हाउंडचा गट होता. तांड्यावरची ही उंच, लांब पायांची, अरुंद डोक्याची कुत्री. यवतमाळच्या या प्रदर्शनात त्यांचा वेगळा गट यंदा पहिल्यांदाच ठेवला होता. मी आयुष्यभर परदेशी जातींची कुत्री तपासली आणि माझ्याच जिल्ह्यातली मात्र कधी नाही, त्यामुळे आतून मी खूश होते. चेहरा अर्थात नेहमीसारखाच ठेवला.

आठ कुत्री रिंगणात आली. सात तांड्यांवरून आलेली, आणि एक मारेगावच्या प्रेम नावाच्या माणसाचं. प्रेमचं कपाशीच्या बियाण्याचं दुकान आणि कुत्र्यांचा मोठा शौक. त्याचा सुलतान ट्रेनरकडे शिकलेला होता. उभं केलं की हलायचा नाही, फोटो काढायला सोपा. प्रेमच्या अंगावर खिसेच खिसे असलेलं जाकीट होतं आणि एका खिशातून नियमांचं पुस्तक डोकावत होतं. मला पाहताक्षणी तो आवडला नाही. ही माझी खोड आहे. मी ती कुत्र्याच्या गुणांत मिसळू देत नाही, पण खोड आहे.

पहिला आला लालसिंगचा कुत्रा. लालसिंग म्हणजे भरघोस पांढऱ्या मिशांचा, आनंदी म्हातारा. मी दात बघायला हात पुढे केला तसा कुत्र्याच्या पोटातून ट्रॅक्टर सुरू झाल्यासारखा आवाज आला. मी हात मागे घेतला. लालसिंगच्या चेहऱ्यावर मात्र कौतुक मावत नव्हतं. मी त्याला सुनावलं की कुत्र्याला हात लावू दिला नाही तर तो स्पर्धेतून बाद होतो.

"बाई, परक्या मानसानं तोंडात हात घातला अन् यानं घालू देला," तो म्हणाला, "त मंग याले पोसाचा कायले?"

दोरीपलीकडचे लोक हसले. मला राग आला, कारण त्याचं म्हणणं बरोबर होतं. पुढच्या पाचांची तीच तऱ्हा. कोणी गुरगुरलं, कोणी मालकाच्या पायांमागे जाऊन तिथून दात दाखवले, एकानं माझी बाही पकडून नुसतीच धरून ठेवली. मी कोणालाच बाद केलं नाही, बाजूला उभं करत गेले. सगळ्यांना एकेक संधी आणखी देण्याचा माझा शिरस्ता आहे. पण मनात हिशेब स्पष्ट दिसत होता. हात लावून घेणारा एकटा सुलतान उरणार होता, म्हणजे मी परीक्षा घ्यायला आले नव्हते, नुसता चषक हातात द्यायला आले होते.

सातवी कुत्री आली आणि मी माझा राग विसरले.

तिचं नाव काजळी. काळी, अंगावर राख शिंपडल्यासारखी, मान लांब, छाती खोल, आणि उभं राहणं असं की हे मैदान तिच्या बापाचं आहे. इतकी सुंदर कुत्री मी बऱ्याच दिवसांत पाहिली नव्हती. तिला धरून होती गंगी नावाची साठीची बाई, फुलसावंगीकडच्या एका तांड्याची. ती आल्यापासून बोलत होती. मला नाही, हवेला. तिचा मुलगा भारत दोरीपलीकडे हाताची घडी घालून उभा होता, त्याला ऐकू जाईल अशा बेतानं. त्यातून सगळ्या मैदानाला कळलं ते असं. भारतला काजळी घरात नको होती. ती घरच्या माणसांपेक्षा जास्त खाते, दुधवाल्याला अंगणात येऊ देत नाही, म्हणून तो तिला ओळखीच्या एका शेळ्यावाल्याला देऊन टाकायला निघाला होता. शेवटी मायलेकांत ठरलं, की काजळीनं आज पहिला नंबर आणला तर ती राहील, नाहीतर प्रदर्शन संपल्यावर पिकअप परस्पर शेळ्यावाल्याकडे जाईल.

परीक्षकाच्या कानावर असलं काही पडू नये. मी न ऐकल्यासारखं केलं आणि काजळीकडे हात नेला. ती गुरगुरली नाही. तिनं फक्त माझ्या हाताकडे आणि मग माझ्या तोंडाकडे पाहिलं. त्या पाहण्याचा अर्थ मला लगेच कळला आणि मी थांबले.

"थांब जराशी," गंगी म्हणाली. "मी तिले सांगतो, तू कोन हायेस ते."

मग तिनं समजावलं. तिच्या घरची रीत अशी, की पाहुणा आला की घरच्या बाईनं त्याचा हात आपल्या हातात धरून कुत्रीच्या मानेवर ठेवायचा आणि हा आपला कोण लागतो ते सांगायचं. एकदा सांगितलं की ती त्या माणसाला जन्मभर काही करत नाही. मी म्हटलं, ठीक आहे, सांगा तिला की ही जज आहे. गंगीनं माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. जज हे काही नातं नव्हे, कुत्रीला ते कसं कळणार? ती मला लेक म्हणून सांगणार होती. मी म्हटलं, मग तेवढ्यापुरतं सांगा.

"कुत्रीसंग लबाड बोलता येत नाई, बाई. एकदा लेक म्हनलं का तू लेकच."

प्रेम याचीच वाट बघत असावा. तो पुस्तक काढून पुढे आला. "मॅडम, नियम तो नियम आहे. आज्जी सगळ्यांसमोर तुम्हाला लेक करून घेऊन राहिल्या. मग तुम्ही त्यांची कुत्री तपासू शकत नाही."

तो बरोबर बोलत होता, हेच मला जास्त झोंबलं. नाही म्हणावं तर हात लावता येणार नाही आणि काजळी बाद. हो म्हणावं तर मी तिची नातेवाईक, तरीही काजळी बादच. पंजाबराव माइक घेऊन धावत आले आणि माइक चालू असतानाच मला म्हणाले की आता काय करायचं. सगळं मैदान आमच्याकडे बघायला लागलं. काजळी तेवढी जांभई देत होती.

मी खडूस आहे, पण मठ्ठ नाही. मी पंजाबरावांच्या हातातून माइक घेतला आणि विचारलं की नातं पक्षपात होऊ नये म्हणून वर्ज्य आहे ना? मग एकाच घराशी नातं जोडलं तर पक्षपात. आठही घरांशी जोडलं तर मी कोणाच्या बाजूनं झुकणार? ज्याला हरकत असेल त्यानं आत्ता सांगावं. प्रेमनं पुस्तकाची पानं उलटली, पुढची मागची सगळी. असा प्रसंग त्यात कोणी लिहिलेला नव्हता. शेवटी त्यानं पुस्तक खिशात घातलं आणि जरा घुश्शातच म्हणाला, "मग मला पण तुम्ही ताईच."

त्यानंतर मला नाती मिळाली. लालसिंगनं मला बहीण केलं. त्याच्या शेजारच्या घोगऱ्या आवाजाच्या म्हातारीनं मला सून करून घेतलं आणि लगोलग, डोक्यावर पदर कुठाय, असं विचारलं. एकानं आत्या केलं, एकानं साळी केलं आणि त्याच्या बायकोनं त्याच्याकडे रोखून पाहिलं. प्रत्येक वेळी एक खरखरीत हात माझा हात धरून कुत्र्याच्या मानेवर ठेवायचा, कानाशी काहीतरी बोलायचा, आणि मघाशी दात विचकणारं जनावर मला आपल्या तोंडात बोटं घालू द्यायचं. लोक टाळ्या वाजवत होते. मी गंभीर चेहरा ठेवायचा फार प्रयत्न केला.

गंगीनं माझा हात धरला तेव्हा विचारलं, "नाव काय म्हने तुहं?" मी गझाला सांगितलं. तिनं मान हलवली आणि काजळीच्या कानाशी वाकून आपल्या बंजारा बोलीत म्हणाली, "मारी बेटी छ."

आता सांगायला हरकत नाही, त्या वेळी मी तिचा हात लगेच सोडला नाही. अम्मी-अब्बा गेले, भाऊ अब्रार नागपूरला गेला, दारव्ह्याचं घर विकलं. मला लेक म्हणणारं या जिल्ह्यात कोणी उरलं नव्हतं, आणि ते आजवर माझ्या लक्षातही आलं नव्हतं.

काजळीनं माझ्या मनगटाचा वास घेतला आणि मान सैल सोडली. मी खांदे पाहिले, पाठ पाहिली, मांड्या पाहिल्या, सगळं उत्तम. मग ओठ वर केले. खालचा जबडा पुढे होता, आणि प्रदर्शनात तो दोष धरतात. फार नाही, पण होता. मी पुन्हा पाहिलं. दुसऱ्यांदा पाहून जबडा मागे जात नसतो. हात लावल्याशिवाय हे मला कधीच कळलं नसतं, आणि मला हात लावता यावा म्हणून या बाईनं मला लेक करून घेतलं होतं.

सगळ्यांना चालवून, पळवून पाहिलं. काजळी छान पळाली. मी प्रेमवरच्या रागानं ज्याला पुतळा ठरवून बसले होते तो सुलतान मात्र सुटला तेव्हा बघत राहावं असा पळाला. पाय जमिनीला लागतात की नाही कळू नये. आणि त्याचे दात बिनचूक होते. मला तो माणूस आवडत नव्हता, त्याचा कुत्रा मात्र माझ्या मनात भरला. पहिला नंबर सुलतान, दुसरा काजळी. नावं घेताना मी आवाज नेहमीसारखाच ठेवला.

मी गंगीजवळ जाऊन जबड्याचं सांगितलं. ती म्हणाली, हिच्या मायचाही असाच होता. एवढंच म्हणाली आणि काजळीची दोरी हाताला गुंडाळत बसली. तिच्याकडे बघवेना.

तेवढ्यात भारत दोरी ओलांडून आत आला. स्वयंसेवक अडवायला गेले, पण त्यांना त्यानं जुमानलं नाही. तो सरळ माझ्यासमोर येऊन उभा राहिला.

"तू लेक झाली न इची? मंग मायच्या कुत्रीले दुसरा नंबर देतेस?" तो संतापानं लाल झाला होता. "अन् तो सुलतान? उद्या चोर आला त त्याच्यासमोर बी असाच उभा राहीन फोटो काढाले. आमच्या काजळीसारखी छाती हाये का त्याची? मान पाह्य. पाय पाह्य. जबडा पुढं हाये म्हने. ते का जबड्यानं पळते?"

मी नियम सांगायला तोंड उघडलं, पण त्यानं बोलू दिलं नाही. तो काजळीचे गुण मोजत राहिला. गेल्या पावसाळ्यात तिनं गोठ्यातला नाग कसा रोखला, पोराला ताप होता तेव्हा खाटेखालून कशी हलली नाही, दुधवाल्याला येऊ देत नाही कारण तो दुधात पाणी घालतो आणि तिला ते कळतं. भोवती गर्दी जमली. प्रेम चषक घेऊन उभा होता आणि त्याचा फोटो कोणीच काढत नव्हतं. मला परीक्षक म्हणून आजवर पुष्कळ लोकांनी शिव्या घातल्या आहेत, पण हा माझ्याशी सख्ख्या भावासारखा भांडत होता. मला ते इतकं बरं वाटलं की मी मध्ये बोलायचं सोडून दिलं.

"पुढच्या वर्साले घेऊन येतो हिले," तो शेवटी म्हणाला. "पाह्यतो, कशी दुसरा नंबर देतेस."

मी म्हटलं की पुढच्या वर्षी मी इथे परीक्षक नसेन. त्यानं काहून म्हणून विचारलं.

"तुझी बहीण लागते म्हणून," मी म्हटलं. "घरच्या कुत्रीला नंबर देता येत नाही."

त्यानं एकदा माझ्याकडे, एकदा गंगीकडे पाहिलं. मग त्यानं गंगीच्या हातातून दोरी घेतली आणि वाकून काजळीला दोन्ही हातांनी उचललं. उचलण्याची काही गरज नव्हती, ती स्वतः चालू शकत होती, आणि त्याच्या दोन्ही बाजूंनी तिचे लांब पाय लोंबत होते. तसाच तो पिकअपकडे निघाला आणि वाटेत भेटेल त्याला जबड्याची हकिगत सांगत गेला. शेळ्यावाल्याचं नाव त्यानं काढलं नाही.

गंगी त्याच्याकडे बघत माझ्या शेजारी उभी होती. तिनं माझा हात धरला, मघाशी काजळीच्या मानेवर ठेवताना धरला होता तसाच घट्ट.

"पयला नंबर आला असता," ती हळूच म्हणाली, "त यानं शब्द देला म्हनून ठेवली असती. आता आपली म्हनून ठेवन."