कागदी कडं

बाइंडरने डॉक्टरांच्या सिगारचं टोक कटरमध्ये धरलं, एकदा सोडलं, पुन्हा धरलं आणि दाबलं. कापलेला तुकडा टेबलावर उडाला. सिगारकडे न बघताच त्याने ती उजवीकडे सरकवली.

"भोंग्या, त्यांना सांग, झाली कापून."

डॉक्टर हातभर अंतरावर बसले होते. तरी निरोप भोंग्याच्याच मार्गाने जायचा. भोंग्याने उभं आयुष्य रेल्वे स्टेशनवर गाड्यांच्या घोषणा करण्यात घालवलं होतं आणि निवृत्त झाल्यावरही त्याचा आवाज काही खाली आला नव्हता. त्याने घसा खाकरला.

"प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावं. डाव्या खुर्चीतून निघालेली सिगार उजव्या खुर्चीत पोहोचली आहे. होणाऱ्या गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत."

ताई हसल्या. डॉक्टरांनी मान खाली घालून सिगार उचलली, तिच्यावरचं कागदी कडं बोटांनी वर सरकवत पार कापलेल्या टोकापर्यंत आणलं आणि मग सावकाश काडी ओढली.

ते कडं पाहिलं की बाइंडरच्या मस्तकाची शीर उठायची.

दुकान ताईंचं. पुढे काचेचं कपाट, सिगारी सुकू नयेत म्हणून आत ओलावा राखणारं. मागे ही खोली, एक गोल टेबल आणि चामड्याच्या चार खुर्च्या. त्यातल्या एकीचा हात फाटला होता, त्याला बाइंडरनेच पुस्तकाच्या पुठ्ठ्याचं उरलेलं चामडं लावून दिलं होतं. ठिगळ कुठे आहे ते आजही शोधावं लागे. खोलीचे नियम ताईंच्या वडिलांनी घालून दिलेले. पहिला नियम, कोणी आपली सिगार आपण कापायची नाही. ती डावीकडच्याने कापून द्यायची. 'ज्याला शेजाऱ्याचा भरवसा नाही त्याने घरी एकट्याने धूर काढावा,' असं म्हातारा म्हणायचा. दुसरा नियम, सिगारवरचं नावाचं कडं काढून काचेच्या बरणीत टाकायचं. कोणाची भारी, कोणाची हलकी, हा हिशेब दाराबाहेर.

म्हणून भोंग्याची ताई कापायच्या, ताईंची डॉक्टर, बाइंडरची भोंगा आणि डॉक्टरांची बाइंडर. शनिवारी दुपारी जमायचं, ते सिगार संपेपर्यंत. सिगारला घाई चालत नाही. धूर छातीत ओढायचा नसतो, तोंडात घोळवून सोडून द्यायचा. भराभर झुरके मारले तर ती तापते आणि कडू होते. त्यामुळे चार माणसांना तासभर एका जागी बसावंच लागतं, आणि बसलं की बोलावं लागतं. भोंगा गाड्यांच्या थापा मारायचा, ताई गिऱ्हाइकांच्या नकला करायच्या. डॉक्टर डोळ्यांचे. आपल्या पेशंटांना तंबाखू सोडायला सांगून ते इथे यायचे आणि त्यावरून सगळ्यांचं यथेच्छ ऐकून घ्यायचे. बाइंडर कमी बोलायचा, पण त्याला दुसरीकडे कुठेही इतकं बरं वाटत नसे.

बिनसलं ते वसंतात. भर गप्पांत डॉक्टर म्हणाले होते, "तुझा हात थरथरतोय रे. मेंदूच्या डॉक्टरला एकदा दाखवून घे."

कोणी दुसऱ्याने म्हटलं असतं तर बाइंडरने हसण्यावारी नेलं असतं. पण हे शाळेपासूनचं माणूस, आणि हात म्हणजे त्याचं पोट. आसपासच्या सगळ्या वाचनालयांची पुस्तकं बांधणीसाठी त्याच्या हाताखालून गेली होती. चार लोकांत असं बोलल्यावर उद्या काम कोण देणार?

"तू डोळे बघ," तो म्हणाला होता. "हात बघू नकोस."

त्यानंतर तो डॉक्टरांशी बोलला नव्हता. यायचं मात्र थांबवलं नाही. यायचं थांबवलं असतं तर डॉक्टरांचं म्हणणं खरं ठरलं असतं. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, असं भोंगा त्याच्या तोंडावर म्हणायचा. त्याच सुमाराला डॉक्टरांनी कडं बरणीत टाकणं बंद केलं. ते टोकाला आणून तसंच ठेवून ओढायचे, ओठांपाशी सोनेरी नाव मिरवत. सिगारही पूर्वीपेक्षा भारी आणायला लागले होते. बाइंडरने मनाशी नोंद केली की पैसा झाला की माणूस असा उघडा पडतो. ताई नियमाच्या पक्क्या, पण त्याही काही बोलत नाहीत याचं त्याला जास्त लागलं.

"भोंग्या," तो आज म्हणाला, "त्यांना विचार, बरणीचं तोंड लहान झालंय का?"

भोंग्याने नेमका तेव्हाच मोठा झुरका घेतला. ताई उठून खिडकी उघडायला गेल्या. डॉक्टर सिगार तशीच धरून बसले, अंगठा आणि दोन बोटं कड्याभोवती. बासरी धरल्यासारखी.

"राहू दे आज," ते भोंग्याकडे बघत म्हणाले.

सिगार निम्मी झाली असेल तेवढ्यात डॉक्टरांचा फोन वाजला. कोणाच्या तरी डोळ्यात लोखंडाचा कण गेला होता. ते धडपडत उठले, सिगार रक्षापात्राच्या खाचेत ठेवली आणि कोट खांद्यावर टाकून निघाले. भोंगाही थोड्या वेळाने गेला. ताई पुढे गिऱ्हाईक बघायला गेल्या.

बाइंडर एकटाच उरला. डॉक्टरांची सिगार आपोआप विझली होती. सिगार चिरडायची नसते, तिची ती विझू द्यायची, हेही म्हाताऱ्याचंच सांगणं. पण ते कडं तिच्यावर तसंच होतं. निदान धन्याच्या मागे तरी नियम पाळला जाऊ दे, असं म्हणत त्याने सिगार उचलली आणि कडं ओढून काढलं.

सिगारचं वरचं पान सुटलं. टोकापासून सुटत सुटत ते त्याच्या बोटांवर लोंबायला लागलं आणि आतली तंबाखू भुगा होऊन बाहीवर आणि टेबलावर सांडली.

तो खिडकीपाशी गेला. सिगारचं तोंड बंद करणारी पानाची टोपी असते, तिचा शेंडा तेवढा उडवायचा; काप त्याखाली गेला की वरचं पान धरून ठेवणारं काही राहत नाही. आणि हा काप तर पार खाली उतरलेला होता. वर तिरपा, मध्ये दातरलेला, सुरी चालता चालता सरकल्यावर पुठ्ठ्याची कड दिसते तसा. अशी कड शिकाऊ पोराने आणली असती तर त्याने ती परत कापायला लावली असती.

ताई आत आल्या आणि दारातच थांबल्या.

"कटरची धार गेलीय," बाइंडर म्हणाला.

"दोनदा बदलला मी कटर."

त्याने सुटलेलं पान बोटाभोवती गुंडाळून बघितलं. ते राहिना.

"सगळ्याच अशा?"

"सगळ्या नाहीत," ताई म्हणाल्या. त्यांनी टेबलावरचा भुगा हाताने गोळा केला. "हलक्या सिगारचं पान लगेच फाटतं. म्हणून ते भारी घ्यायला लागले. भारीचं पान जरा दमदार असतं, कड्याने धरून राहतं."

"खुर्ची बदलायची मग. भोंग्याकडून कापून घ्यायची."

"मी तेच सुचवलं होतं. म्हणाले, नको. त्याला कळेल."

बाइंडरने हात कोटाच्या खिशात घातले. हल्ली ते तिथेच असायचे. झाकली मूठ सव्वा लाखाची. पण ती कोणापासून झाकली होती, हे आता त्याला समजेना. त्याला लाज वाटली, आणि त्याहून जास्त भीती वाटली.

तो आपल्या बाइंडिंगच्या कारखान्यात परतला तेव्हा लेक अजून कामावर होती. लग्न होऊन दोन मुलांची आई झाली तरी ती रोज येऊन वडिलांच्या बरोबरीने राबायची. पुस्तकांच्या पाठीवर सोनेरी अक्षरं उठवण्याचं काम तिने वसंतापासून स्वतःकडे घेतलं होतं. मला सराव हवाय बाबा, तुम्ही शिवण बघा, असं म्हणाली होती आणि त्याला तिचं कौतुक वाटलं होतं. आता तो तिच्या मागे उभा राहून बघत राहिला. अक्षरं सरळ एका रेषेत उठत होती. तिला सराव केव्हाच झाला होता.

"तुझा सराव संपला का गं?"

तिचा हात थांबला. तिने मान वळवली नाही.

"थोडा राहिलाय, बाबा."

"बरं," तो म्हणाला आणि दिवा तिच्या बाजूला सरकवून दिला.

पुढच्या शनिवारी तो सगळ्यांच्या आधी येऊन बसला. भोंगा आला, ताई बसल्या, शेवटी डॉक्टर आले. ज्याच्या डोळ्यात कण गेला होता त्याचा डोळा वाचला, असं त्यांनी सगळ्यांना मिळून सांगितलं. मग नेहमीसारखी खिशातून सिगार काढून टेबलावरून डावीकडे सरकवली.

बाइंडरने ती घेतली नाही. त्याने उजवा हात खिशातून बाहेर काढला, बोटं पसरली आणि टेबलाच्या वर, खिडकीच्या उजेडात नुसता धरला. सगळ्यांना दिसेल असा. हात कापत होता. त्याने तो लगेच खाली घेतला नाही.

भोंग्याने काहीतरी घोषणा करायला तोंड उघडलं आणि तसंच मिटलं.

"तो तुझ्या ओळखीचा मेंदूवाला," बाइंडर थेट डॉक्टरांकडे बघून म्हणाला, "कधी बसतो?"

डॉक्टरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"मंगळवारी."

"काम सोडायला सांगेल?"

"माहीत नाही मला. खोटं नाही सांगत."

"तू येशील?"

"दवाखाना बंद ठेवतो."

बाइंडरने हात खाली घेतला. त्याने टेबलावरचा कटर उचलून भोंग्यापुढे ठेवला.

"यांची तू काप आजपासून. माझ्याच्याने नाही व्हायचं."

भोंग्याने कटरला हात लावला नाही. डॉक्टरांनीच लांबून हात घालून तो उचलला आणि परत बाइंडरच्या पुढ्यात ठेवला.

"काप."

"फाटेल रे."

"फाटू दे. कडं आहे ना."

बाइंडरने सिगार धरली. या वेळी तो तिच्याकडे बघत होता. टोक दोनदा कटरमधून निसटलं. कोणी मदतीला हात पुढे केला नाही आणि कोणी दुसरीकडेही बघितलं नाही. तिसऱ्या खेपेला त्याने दाबलं. काप वाकडा गेला, पान थोडं उसवलं.

डॉक्टरांनी सिगार घेतली, सगळ्यांच्या देखत कडं टोकापर्यंत चढवलं आणि तोंडात धरली. बाइंडरने काडी ओढली. ज्योत इकडेतिकडे हलत होती. डॉक्टर तिच्यामागे मान हलवत राहिले, सिगार पेटेपर्यंत.