एकाच्या जागेत दोघे

मी एक तंबू बोलतोय. पण मला बांबू नाहीत, खुंट्या नाहीत, खिडकी तर नाहीच. वरून चांदीसारखा पातळ पत्रा, आतून जाड कापड, आणि माप एका माणसाचं. जंगलाच्या आगीनं वाट अडवली की माणसानं मला पांघरून जमिनीला चिकटायचं, एवढंच माझं काम.

कारखान्यात माझी विटेएवढी घडी घालून मला पिशवीत कोंबलं. पुढं कितीतरी उन्हाळे मी कुणा ना कुणाच्या कमरेला लटकत होतो. ज्याच्या कमरेला जायचो तो मनात म्हणायचा, याला उघडायची वेळ न येवो. ज्याच्याबद्दल सगळे असं म्हणतात, त्यानं जगावं तरी कशासाठी?

त्या वर्षी कॅलिफोर्नियाचे डोंगर असे पेटले की जंगल खात्याची माणसं पुरेनात. मग सैनिक आणले, तुरुंगातले कैदीही आणले. सैनिकांना शिकवायला लोरेना यबारा बाई होत्या. निम्मं आयुष्य वणवे विझवण्यात घालवलेल्या. मी टॉलिव्हर नावाच्या सैनिकाच्या वाट्याला आलो. लुइझियानाच्या दलदलीतला गडी. वणवा त्यानं फक्त टीव्हीवर पाहिलेला.

"मॅडम, ही तर बटाटे भाजायची पिशवी!" तो म्हणाला. सगळे हसले.

"हो. आणि बटाटा कोण, ते ध्यानात ठेव," बाई म्हणाल्या. "आत शिरलास की तोंड मातीत. कितीही भाजलं तरी बाहेर पळायचं नाही. पळाला तो संपला."

नारिंगी कपड्यांतले कैदी शेजारच्याच उतारावर झुडपं तोडत. त्यांच्याशी बोलायचं नाही, असा सैनिकांना हुकूम होता.

एका दुपारी वारा फिरला. खालची आग वर धावली आणि वाट बंद झाली. टॉलिव्हरनं मला ओढून काढलं, झटकलं. मी जन्मात पहिल्यांदा पुरता उघडलो. तेवढ्यात धुरातून एक कैदी आला. त्याचं नाव ओडेल. हात रिकामे, त्याचा तंबू वाऱ्यानं उडवून नेला होता.

टॉलिव्हर क्षणभर थबकला. मग माझी कड उचलून ओरडला, "ये आत! लवकर!"

एकाच्या जागेत दोघे. आग आमच्यावर आली. माझा पत्रा सुटू लागला, कापडाला भोकं पडली. टॉलिव्हर किंचाळला, "मला बाहेर जाऊ दे!"

तो उठतोय हे बघून ओडेलनं त्याच्यावर पाय टाकला. एका हातानं त्याची मान मातीत दाबली, दुसऱ्यानं माझी कड.

"गप पड, पोरा. कोंडून कसं राहायचं ते मला येतं. पुढचं बघू नकोस. फक्त हा एक श्वास घे."

"मरतोय मी!"

"नाही मरत. तुमच्याकडं काय खातात? सांग."

"झिंगे," तो रडत म्हणाला. "झिंगे आणि भात."

"कसे करतात? सगळं सांग."

आणि त्या भट्टीत तो पोरगा कांदा किती बारीक चिरायचा ते सांगू लागला. माझी कड धरलेला ओडेलचा हात भाजत होता. वास मला येत होता. त्यानं हात काढला नाही.

राख तुडवत यबारा बाई आल्या तेव्हा दोघेही जिवंत होते. ओडेलला स्ट्रेचरवर घातलं आणि पहारेकऱ्यानं त्याच्या धडक्या हाताला बेडी अडकवली.

"अहो, पळून कुठं जाणार आहे तो?" टॉलिव्हर ओरडला.

"नियम आहे," पहारेकरी मान खाली घालून म्हणाला.

आता मी बाईंच्या वर्गात भिंतीला खिळे ठोकून टांगलेला आहे. पत्र्याचे पापुद्रे गळतात. नवे सैनिक माझ्या भोकांत बोटं घालून हसतात. हसा बाबांनो. फक्त बाई शिकवतील ते नीट ऐका, एवढंच मागणं.

गावी परतण्याआधी टॉलिव्हर येऊन गेला. बाईंना म्हणाला, "तुरुंगात जाऊन आलो. मी आभार मानायच्या आधी त्यानंच विचारलं, झोप लागते का रे?"

"मग?"

"म्हटलं, नाही लागत. छप्पर अंगावर येतं. तर म्हणाला, पहिलं वर्ष जड जातं. मग होते सवय."

 ओडेलचं तेव्हा तुरुंगातलं नववं वर्ष चालू होतं.